इंजिनाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आज मी ज्याचे कूळ सांगणार आहे ते ऋषीही नाही आणि नदीही नाही. ते आहे एका जुन्या मोटारीचे इंजिन. त्याचे कूळ मी हौसेने शोधायला गेलो नाही. त्याच्यापायी एका भल्या माणसाचा शब्द खोटा ठरत होता, म्हणून ते शोधावे लागले.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. यंत्राशी माझा संबंध एस.टी.त बसण्यापुरता. तेव्हा हा गृहस्थ इंजिनाबद्दल काय बोलणार, असे तुम्हाला वाटले तर त्यात तुमची चूक नाही. मलाही तसेच वाटत होते.

माझे आजोळ कृष्णाकाठचे. माझ्या आईच्या आजोबांनी कोल्हापुरातून एक जुनी मोटार विकत आणली होती. रस्ते कच्चे, पेट्रोल दूर, आणि घरात शेती. चार-सहा वर्षांत मोटारीचा सांगाडा गंजून गेला. इंजिन मात्र राहिले. काही काळ त्याने विहिरीवरचा पंप ओढला. पुढे डिझेलचे इंजिन आले, त्यामागून वीज आली, आणि हे म्हातारे गुऱ्हाळाच्या पडवीत पोत्याखाली जाऊन बसले. घरात त्याला सगळे 'विलायती इंजिन' म्हणत. ते कोणत्या कंपनीचे, कोणत्या साली बनलेले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नावाची पट्टी केव्हाच निखळली होती.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या मनात आले, की हे इंजिन साफ करून एकदा तरी त्याचा आवाज ऐकावा. शेजारच्या वाडीतल्या मिस्त्रींना बोलावले. हे मिस्त्री तीस-पस्तीस वर्षे पाण्याची इंजिने दुरुस्त करीत आले आहेत. शिक्षण चौथीपर्यंत, पण हात बोलका. त्यांनी इंजिन उघडले, पुसले, गंज काढला. एका झाकणाचा एक बोल्ट मुळातच हरवलेला होता. तेवढा नवा घालायचा राहिला, आणि तिथेच घोडे अडले.

मिस्त्रींनी बाकीच्या बोल्टांना इंग्रजी पाना लावला, तर तो अगदी चपखल बसला. म्हणून त्यांनी पेटीतून त्याच मापाचा, पाच-सोळांशी इंचाचा, बारीक आट्याचा इंग्रजी बोल्ट काढला. बोटांनी फिरवला. दोन वेढे सुखाने गेले, तिसऱ्याला जड झाला, पुढे हलेना. मिस्त्रींनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "ह्याचं डोस्कं इंग्रजी हाय, पर अंग इंग्रजी न्हाई."

हे ऐकून सगळे हसले. माझा मामेभाऊ तरुण आणि उतावळा. "काहीतरीच काय मिस्त्री! डोकं एका देशाचं अन् धड दुसऱ्या देशाचं, असं कुठं असतंय?" असे म्हणून त्याने पान्याच्या दांड्यात पाईप अडकवला आणि जोर लावला. बोल्ट दोन वेढे आत गेला आणि मग नुसताच फिरू लागला. भोकातले आटे गेले होते.

पुढे काय झाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. जोर लावणारा घरचा, म्हणून दोष बाहेरच्याचा ठरला. मिस्त्रीने चुकीचा बोल्ट दिला, पणजोबांचे इंजिन बिघडवले, अशी गावभर बोलवा झाली. मजुरी अडली. मिस्त्री काही न बोलता पेटी उचलून गेले आणि त्या घराकडे फिरकेनासे झाले.

मी दिवाळीत गेलो तेव्हा मामांनी मला पडवीत नेले. "भाच्या, तू शिकलेला. बघ बरं हे कुठलं हाय ते." मी वाकून पाहिले. इंजिनाच्या बाजूला मॅग्नेटो होता, म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी वीज तयार करणारी पेटी. तिच्यावर एका इंग्रज कंपनीचे नाव होते. मी ताबडतोब निकाल दिला, "मामा, इंजिन अस्सल इंग्रजी. मिस्त्रींचंच काहीतरी चुकलं." श्रोते हो, एम.ए. झालेल्या माणसाच्या या एका वाक्याने त्या चौथी शिकलेल्या माणसाचा खटला बंद झाला. आज ते आठवले की मला माझीच लाज वाटते.

परत येताना मात्र मन खाऊ लागले. मी वर्गात मुलांना काय सांगतो? ताम्रपट हाती आला तर राजाचे नाव वाचून लगेच विश्वास ठेवू नका. अक्षराचे वळण पाहा, भाषा पाहा, कालगणना पाहा. नाव कोणीही कोरू शकतो. आणि मी स्वतः काय केले? मॅग्नेटोवरचे नाव वाचले आणि ते इंजिनाचे ठरवून मोकळा झालो! पुण्यात माझा एक मित्र अभियांत्रिकीचा प्राध्यापक आहे. त्याला हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅग्नेटोवरचं नाव हे मॅग्नेटोवाल्याचं. कुडत्याच्या बटणावरून कुडतं शिवणाऱ्याचं नाव सांगशील का?" पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू होण्यापूर्वी कितीतरी इंग्रजी मोटारींवर जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या बॉश कंपनीचे मॅग्नेटो असत. त्यामुळे त्या मोटारी जर्मन ठरत नाहीत. मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, दिवे या वस्तू मोटारवाले बाहेरून विकत घेत, आणि जुन्या झाल्या की मालक दुसऱ्या बसवीत. कूळ शोधायचे तर जे सहज बदलता येत नाही ते पाहिले पाहिजे.

मग काय पाहायचे? मित्राने मला तीन गोष्टी मोजून आणायला सांगितल्या. त्या मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून शिक्षक बंधुभगिनींसाठी जरा सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट सिलिंडरचा व्यास. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिची रुंदी. इंजिन जुने झाले की पिस्टनच्या कड्या घासून ही नळी किंचित रुंद होते. म्हणून मधे मोजायचे नाही. नळीच्या अगदी वरच्या काठाशी, जिथपर्यंत कड्या पोचत नाहीत, तिथे मूळचे माप शिल्लक असते. तिथे मोजले तर ६९.५ मिलिमीटर भरले.

दुसरी गोष्ट पिस्टनची धाव. पिस्टन अगदी वर असताना आणि अगदी खाली असताना एक सरळ काठी उभी धरून खुणा करायच्या आणि दोन खुणांमधले अंतर मोजायचे. धाव क्रँकच्या घडणीवर ठरते. इंजिन कितीही झिजले तरी ती बदलत नाही. माणसाच्या अंगावरचे मांस कमी-जास्त होईल, हाडाची लांबी तीच राहील, तसे हे आहे. आमच्या इंजिनाची धाव १०२ मिलिमीटर भरली. सिलिंडर चार. गुणाकार केला तर एकूण पोकळी सुमारे १५४८ घन सेंटिमीटर, म्हणजे दीड लिटरहून थोडी जास्त.

या मापांवरून आणखी एक गोष्ट निघते. इंग्लंडमध्ये त्या काळी मोटारीची 'हॉर्सपॉवर' एका ठरीव सूत्राने काढीत. व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणायचा आणि अडीचने भागायचा. १९२१ पासून तिकडे मोटारीवरचा कर या आकड्यावर ठरू लागला, दर हॉर्सपॉवरला एक पौंड. यात धाव कुठेच येत नाही हे तुमच्या ध्यानात आले असेल. म्हणून इंग्रज कारखानदार नळी अरुंद ठेवीत आणि धाव लांब. आमच्या इंजिनाचा हिशेब केला तर उत्तर बाराला किंचित कमी आले. मित्र म्हणाला, "अकरा पूर्णांक नऊ दशांश! हा आकडा ओळखीचा आहे. मॉरिस काउली असणार. पण आट्याचं माप आल्याशिवाय मी सही करणार नाही."

आणि ही तिसरी गोष्ट, आटे. इथेच सगळी मेख होती.

बोल्टावरचे आटे आपण रोज पाहतो, पण त्यांनाही देश असतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रकाराने सुचवले, की प्रत्येक कारखान्याने मनाला येईल तसे आटे पाडू नयेत, सर्वांनी एकच माप धरावे. ते इंग्रजी आटे. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने आपले निराळे माप मांडले. फ्रान्स, स्वित्झर्लंड वगैरे देशांचे मेट्रिक आटे १८९८ साली झुरिकच्या परिषदेत ठरले. अशी तीन घराणी झाली. एका घराण्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात नीट बसेलच असे नाही.

आता गंमत पाहा. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. मेट्रिकमधला जवळचा बोल्ट ८ मिलिमीटरचा. जाडीत फरक केसाएवढा, डोळ्यांना दिसणारच नाही. फरक आहे तो आट्यांच्या दाटीत. बारीक इंग्रजी बोल्टावर एका इंचात २२ आटे असतात. एकेक आटा १ मिलिमीटरचा धरला तर एका इंचात बसतात २५ आणि वर थोडे. दोन फण्या घ्या, एकीचे दात किंचित दाट, दुसरीचे किंचित विरळ. एकमेकींत घालू लागलात तर पहिले दोन दात बसतील. तिसऱ्याला ओढाताण होईल. चौथा दात समोरच्या दातावरच येऊन आदळेल. बोल्टाचेही तसेच. दोन वेढे सुखाने, तिसरा जड. मिस्त्रींच्या बोटांना जे कळले ते हेच.

आटे मोजायचे कसे? एक युक्ती सांगतो. जुना मूळचा बोल्ट काढायचा, त्याला दिव्याची काजळी लावायची आणि कोऱ्या कागदावर दाबून फिरवायचा. आट्यांच्या रेघा कागदावर उमटतात. एकच रेघ-अंतर मोजू नये, चूक होते. दहा अंतरे एकदम मोजावीत आणि दहाने भागावे. पुस्तकाच्या एका पानाची जाडी काढताना आपण शंभर पाने एकत्र मोजतो, तोच नियम. मी दहा अंतरे मोजली. बरोबर १० मिलिमीटर! म्हणजे आटा १ मिलिमीटरचा, मेट्रिक, आणि बोल्टाचे षट्कोनी डोके मात्र इंग्रजी पान्याचे. मिस्त्री म्हणाले होते ते अक्षरशः खरे होते. डोके इंग्रजी, अंग इंग्रजी नाही.

पण हे झाले कसे? इंग्रजी इंजिनाला परदेशी आटे, आणि त्यावर पुन्हा इंग्रजी डोकी! हे कोडे उलगडायला आपल्याला इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला जावे लागेल.

तिथे विल्यम मॉरिस नावाचा एक सायकल दुरुस्त करणारा तरुण होता. सायकलीवरून तो मोटारसायकलीकडे आणि तिथून मोटारीकडे वळला. १९१३ साली त्याने आपली पहिली मोटार बाजारात आणली. तिचे नाव मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे नाक गोल होते, म्हणून पुढे लोक या मोटारींना 'बुलनोज', म्हणजे बैलाच्या नाकाची, म्हणू लागले. मॉरिसची चाल अशी, की सगळे भाग स्वतः घडवायचे नाहीत. जो कारखाना जो भाग चांगला आणि स्वस्त करील त्याच्याकडून तो घ्यायचा आणि आपण मोटार जुळवायची. पहिल्या मोटारीचे इंजिन कॉव्हेंट्रीच्या व्हाइट आणि पॉप या कंपनीचे होते.

पण त्याला याहून मोठी आणि स्वस्त मोटार काढायची होती. १९१४ साली तो जहाजाने अमेरिकेला गेला. डेट्रॉइटच्या काँटिनेंटल कंपनीने इंजिनाची जी किंमत सांगितली ती कॉव्हेंट्रीच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी होती. मॉरिसबरोबर हान्स लँडस्टॅड नावाचा एक नॉर्वेजियन आरेखक होता. तो काही महिने अमेरिकेत राहून तिथले काम शिकला. काँटिनेंटलचे हे इंजिन सुमारे १५०० घन सेंटिमीटरचे, त्याची धाव १०० मिलिमीटर. ते मॉरिस काउली या नव्या मोटारीत बसणार होते.

तेवढ्यात महायुद्ध पेटले. अमेरिकेहून येणारा काही माल समुद्रात बुडाला. १९१५ साली इंग्लंडच्या सरकारने बाहेरून येणाऱ्या मोटारींवर आणि त्यांच्या भागांवर किमतीच्या एक तृतीयांश जकात बसवली. युद्ध संपता संपता काँटिनेंटलने ते इंजिन काढणेच थांबवले. मॉरिसजवळ मोटार होती, गिऱ्हाईक होते, आणि इंजिन नव्हते.

आता दुसरा धागा. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ सँ-दनी येथे हॉचकिस नावाची तोफा-बंदुकांची कंपनी होती. तिचा संस्थापक बेंजामिन हॉचकिस हा मूळचा अमेरिकन. युद्धात जर्मन फौजा पॅरिसजवळ आल्या. कारखाना शत्रूच्या हाती जाईल या भीतीने कंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला दुसरा कारखाना उभारला. तिथे यंत्रतोफा होऊ लागल्या. युद्ध संपले तेव्हा या कारखान्याकडे उत्तम यंत्रे होती, कारागीर होते, आणि काम नव्हते. एकाजवळ काम, दुसऱ्याजवळ यंत्रे. दोघांची गाठ पडली. मॉरिसने हॉचकिसला सांगितले, की काँटिनेंटलचे इंजिन मला तुम्ही करून द्या.

हॉचकिसची यंत्रे, आटे पाडायची हत्यारे, तपासायची मापे, सारे फ्रेंच, म्हणजे मेट्रिक. ते सगळे बदलायचे म्हणजे कारखानाच नवा उभारायचा. म्हणून आटे मेट्रिकच राहिले. पण मोटार विकायची इंग्लंडमध्ये. तिथल्या गावोगावच्या दुरुस्तीवाल्याच्या पेटीत पाने इंग्रजी मापाचे. त्याला नवा पाना विकत घ्यायला लावला तर तो मोटारीला हात लावणार नाही. म्हणून बोल्टांची डोकी इंग्रजी पान्याला बसतील अशी केली. आटे कारखान्याच्या सोयीने पडले आणि डोकी दुरुस्तीवाल्याच्या सोयीने.

अमेरिकन आराखडा, नॉर्वेजियन आरेखक, अमेरिकन माणसाने काढलेली फ्रेंच कंपनी, तिचा इंग्लंडमधला कारखाना, आणि वर इंग्रज मालकाचे नाव. असे हे आमच्या पडवीतल्या 'विलायती' इंजिनाचे कूळ. आणि धाव १०० च्या ऐवजी १०२ भरली, त्यावरून ते डेट्रॉइटचे नसून कॉव्हेंट्रीचे हेही ठरले. दोन मिलिमीटरनी एक महासागर ओलांडला म्हणा ना!

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. मोटारी इतक्या खपू लागल्या, की हॉचकिसची इंजिने पुरेनात. १९२३ साली मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. विल्यम मॉरिस पुढे लॉर्ड नफिल्ड झाला. कारखाना इंग्रज मालकाचा झाला तरी आटे काही इंग्रजी झाले नाहीत. यंत्रे तीच, हत्यारे तीच. एम.जी. ही मॉरिसच्या घराण्यातली वेगवान मोटार. तिच्या टी. एफ. नावाच्या नमुन्यात १९५५ पर्यंत हेच मेट्रिक आटे आणि इंग्रजी डोकी चालू राहिली. तिकडच्या कारागिरांनी त्यांना 'वेडे मेट्रिक' असे नाव ठेवले. एकदा पडलेली वहिवाट किती टिकते पाहा. वरचा धनी बदलला, तरी चावडीतले दप्तर जुन्याच पद्धतीने लिहिले जाते, हे आम्हा इतिहासवाल्यांना नवे नाही.

आणि ही वहिवाट आपल्याही देशात आली. बिर्लांनी १९४२ साली हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी काढली. तिची पहिली मोटार 'हिंदुस्तान टेन' ही मॉरिस टेनवर बेतलेली होती, आणि त्या मॉरिस टेनचे इंजिन याच घराण्यातले. पुढे त्याच कंपनीची अँबॅसडर आली. तिचे इंजिन निराळे होते, पण मोटार मूळची पुन्हा मॉरिसचीच. ती मोटार २०१४ पर्यंत निघत होती. तुमच्या गावात एखादा वयोवृद्ध मिस्त्री असेल तर त्याला विचारा, की कधी पाना बसला पण बोल्ट बसला नाही असे झाले होते का.

हे सगळे कळल्यावर मी सुट्टी काढून आजोळी गेलो. काजळीच्या रेघांचा कागद आणि दोन बोल्ट मामांपुढे ठेवले. मामेभावालाच दहा अंतरे मोजायला लावली. त्याने एकदा मोजली, पुन्हा मोजली. मग खाली मान घालून म्हणाला, "दादा, पाईप मी लावला होता." मामा काही वेळ गप्प बसले. मग उठून टोपी घातली आणि म्हणाले, "चला."

आम्ही तिघे मिस्त्रींच्या घरी गेलो. मामांनी अडवलेली मजुरी त्यांच्या हातात ठेवली. मीही हात जोडले. मिस्त्रींनी पैसे मोजले नाहीत. त्यांनी आधी तो कागद हातात घेतला. मी आट्यांचा हिशेब सांगू लागलो, तसे ते म्हणाले, "पाव्हणं, हिशेब तुमचा तुम्हाला. माझ्या बोटाला त्यो तवाच लागला हुता. पर बोटाचं कोण ऐकतंय?" आणि लगेच, "मग आता एक मिलिमीटरचा आटा पाडाया पायजे," असे म्हणून ते कामाला लागले.

बाजारात मिळणारा ८ मिलिमीटरचा साधा बोल्ट इथे चालत नाही हेही त्यांनीच सांगितले. त्याचा आटा सव्वा मिलिमीटरचा असतो. गेलेले भोक त्यांनी मोठे करून घेतले, त्यात पितळेचे बुश बसवले, आणि तालुक्याच्या गावी लेथवर एक मिलिमीटर आट्याचा बोल्ट करवून आणला. तो लेथ जुना, इंचाच्या मापाचा. अशा लेथवर मेट्रिक आटा पाडायचा तर १२७ दातांचे चाक लावावे लागते. कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. दोन घराण्यांची सोयरीक जुळवणारा हा आकडा मी कॉलेजात कधी ऐकला नव्हता. मिस्त्रींना तो तोंडपाठ होता. बोल्टाचे डोके मात्र त्यांनी इंग्रजी मापाचेच ठेवले. "मूळचं हाय तसंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

तुम्ही विचाराल, इंजिन सुरू झाले का? अजून नाही. मॅग्नेटोची गुंडाळी जळलेली आहे, ती पुन्हा भरायला दिली आहे. पण झाकण घट्ट बसले आहे आणि मिस्त्री पुन्हा पडवीत येऊ-जाऊ लागले आहेत.

शिक्षक बंधूंना एवढेच सांगेन, की हा पाठ घ्यायला पुस्तक नको. एक गंजका बोल्ट, काजळी, कोरा कागद आणि मोजपट्टी पुरे. मुलांना दहा अंतरे मोजू द्या, दहाने भागू द्या आणि बोल्ट कोणत्या घराण्यातला ते त्यांनाच ठरवू द्या. आणि ज्या गावात शाळा आहे त्याच गावात एखादा मिस्त्री, सुतार किंवा लोहार असेल, त्याला एक दिवस वर्गात बोलवा. त्याच्या हाताला कळलेल्या कितीतरी गोष्टी अजून कुणी मोजून पाहिलेल्या नाहीत. आपण त्या मोजू. पण मोजून होईपर्यंत त्याला खोटे ठरवू नये.